मॅरेथॉनचा सराव आणि रोगप्रतिकारशक्ती: पावसाळ्यापासून जानेवारीपर्यंत आजारी न पडता पळण्यासाठी

मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारच्या सुमारास होते आणि पहिल्यांदाच ४२.१९५ किलोमीटर पळू पाहणारी नोकरदार मंडळी साधारणपणे जुलै-ऑगस्टमध्ये सरावाला लागतात. म्हणजे अंतर वाढत जाते ते आधी डेंग्यू, लेप्टो आणि फ्लूच्या मोसमात, मग गणपती-नवरात्रातल्या जागरणांत, त्यानंतर दिवाळीच्या धुरात आणि शेवटी डिसेंबरच्या धुरकट पहाटांत. नवशिक्या धावपटूंच्या एका गटाचे वेळापत्रक आखायला मी गेली काही वर्षे मदत करतो आहे. दुखऱ्या गुडघ्याइतक्याच वेळा कानावर येणारी तक्रार म्हणजे ‘लाँग रन (आठवड्यातले सर्वांत लांब धावणे) झाला की दोन दिवसांत घसा धरतो’. तिच्या मागोमाग हमखास येणारा प्रश्न असतो, ‘इतके पळून प्रतिकारशक्ती कमी तर होत नाही ना?’ हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आणि त्या उत्तरानुसार सहा महिने कसे आखावेत हे सांगण्यासाठी लिहिला आहे.

आधी शरीरात काय घडते ते समजून घ्या

पळायला सुरुवात होताच ॲड्रेनालिन वाढते, हृदय जोरात रक्त ढकलू लागते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींना, प्लीहेत व फुप्फुसांत टेकून बसलेल्या पांढऱ्या पेशी प्रवाहात उतरतात. विषाणूने बाधलेल्या पेशी टिपणाऱ्या ‘नॅचरल किलर’ पेशींची रक्तातली संख्या काही मिनिटांत कित्येक पट होते. दीर्घ आणि जोरकस व्यायाम संपल्यावर तासा-दोन तासांत चित्र उलटते. लिम्फोसाइट या प्रकारच्या पांढऱ्या पेशींची संख्या व्यायामापूर्वीच्या पातळीच्याही खाली जाते आणि साधारण चोवीस तासांत पूर्ववत होते.

या उताराचा अर्थ लावण्यातच सगळा वाद आहे. केपटाऊनच्या ५६ किलोमीटरच्या ‘टू ओशन्स’ शर्यतीनंतर १९८२ मध्ये १५० धावपटूंची पाहणी झाली. पुढच्या दोन आठवड्यांत त्यांच्यापैकी सुमारे ३३ टक्क्यांनी सर्दी-घशाची लक्षणे सांगितली, तर त्यांच्याच घरातल्या न पळणाऱ्या माणसांत हे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात पळालेल्यांपैकी १२.९ टक्के आजारी पडले, आणि सराव असूनही शर्यतीत न उतरलेल्यांपैकी २.२ टक्के. त्यातून ‘उघडी खिडकी’ ही कल्पना रुजली, म्हणजे मोठ्या श्रमानंतर काही तास प्रतिकारयंत्रणेचे दार उघडे राहते आणि विषाणू आत शिरतात.

नंतरच्या अभ्यासांनी या चित्रात बरीच दुरुस्ती केली. रक्तातून नाहीशा झालेल्या पेशी मेलेल्या नसतात. उंदरांमध्ये पेशींवर खूण करून पाहिले तेव्हा त्या अस्थिमज्जेत, आणि फुप्फुसांत व आतड्याच्या अस्तरात, म्हणजे जिथून जंतू शिरण्याची शक्यता जास्त असते अशा ठिकाणीही गेलेल्या आढळल्या. शिवाय त्या जुन्या पाहण्या धावपटूंनी स्वतः सांगितलेल्या लक्षणांवर आधारलेल्या होत्या, घशातला नमुना कोणी तपासला नव्हता. पुढे प्रत्यक्ष तपासणी झाली तेव्हा खेळाडूंच्या बऱ्याचशा ‘सर्दी’मागे कोणताही जंतू सापडला नाही. तासन्‌तास तोंडाने कोरडी, थंड, धूळभरली हवा ओढल्याने श्वसनमार्गाचे अस्तर सुजते, आणि तो घसा सर्दीच्या घशासारखाच दुखतो.

म्हणून माझे मत असे की पळण्याने प्रतिकारशक्ती ढासळते असे म्हणणे चूक आहे. नियमित मध्यम व्यायामाने उलट फायदाच होतो. अमेरिकेत सुमारे एक हजार प्रौढांची बारा आठवडे पाहणी झाली, तेव्हा आठवड्यातून पाच किंवा अधिक दिवस व्यायाम करणाऱ्यांचे सर्दी-खोकल्याने आजारी असण्याचे दिवस बैठ्या माणसांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी भरले. ब्रिटनमध्ये ५५ ते ७९ वयाच्या १२५ सायकलपटूंच्या रक्तात थायमस ग्रंथीतून नव्याने येणाऱ्या टी पेशींचे (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या एका प्रकाराचे) प्रमाण तरुणांइतके आढळले. माणूस आजारी पडतो तो मोठा सराव, अपुरी झोप, अपुरे खाणे आणि गर्दीतला संसर्ग हे सारे एकाच आठवड्यात जुळून आले की. पळण्याची बाजू आपण आखू शकतो, बाकीच्या तीन बाजूही बऱ्याच अंशी हातात असतात. पुढच्या पायऱ्या त्यासाठी आहेत.

पहिली पायरी: सुरुवातीपूर्वीची तयारी

जूनच्या आत वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. हिमोग्लोबिन, साखर, ड जीवनसत्त्व, आणि चाळिशी ओलांडली असेल किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हृदयाची तपासणी. फ्लूची लस घ्यायची असेल तर ती पावसाळ्यापूर्वी घ्यावी, कारण आपल्याकडे फ्लूचा एक मोठा भर पावसाळ्यातच असतो. लस घेतल्याच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी हलकेच पळावे.

दुसरी पायरी: अंतर कसे वाढवावे

आठवड्याला २० ते २५ किलोमीटर सहज पळता येत असतील तिथूनच मॅरेथॉनचा सराव सुरू करावा. दर आठवड्याला साधारण दहा टक्के वाढ ही जुनी मोजपट्टी आहे. ती शास्त्राचा अटळ नियम नव्हे, पण नवशिक्याला ती सांभाळते. सलग तीन आठवडे अंतर वाढवले की चौथ्या आठवड्यात ते एक तृतीयांशाने उतरवावे. हा उताराचा आठवडा लोक सर्रास गाळतात, कारण त्या वेळी पाय छान चाललेले असतात. पाय सावरले म्हणजे सगळे शरीर सावरले असे नसते, म्हणून तो आठवडा वेळापत्रकात आधीच लिहून ठेवावा.

आठवड्यातले बहुतेक धावणे बरोबरच्या माणसाशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल अशा वेगाचे असावे. जोरकस सराव जास्तीत जास्त दोन दिवस, तोही लागोपाठ नको. पहिल्या मॅरेथॉनसाठी शिखराच्या आठवड्यात ५५ ते ६५ किलोमीटर पुरतात. लॉस एंजेलिसच्या त्याच पाहणीत आठवड्याला ९७ किलोमीटरपेक्षा जास्त पळणाऱ्यांमध्ये आजाराचा धोका ३२ किलोमीटरपेक्षा कमी पळणाऱ्यांच्या दुप्पट होता. नोकरी, लोकलचा प्रवास आणि घर सांभाळणाऱ्या माणसाने त्या आकड्यांच्या मागे लागण्याचे कारण नाही.

तिसरी पायरी: सकाळची वही

घड्याळे आणि ॲप यांच्यापेक्षा माझा विश्वास वहीवर आहे. सकाळी जाग आल्यावर अंथरुणातून उठण्यापूर्वी मिनिटभर नाडी मोजावी आणि चार गोष्टी लिहाव्यात: नाडी, झोपेचे तास, घसा-नाक कसे आहे, आणि पळण्याची इच्छा आहे की नाही. दोन आठवड्यांत तुमची नेहमीची नाडी कळते. ती सलग दोन सकाळी सात-आठ ठोक्यांनी वर दिसली तर त्या दिवशीचा जोरकस सराव रद्द करावा.

माझ्याच वहीतल्या गणपतीच्या दिवसांतल्या तीन ओळी इथे देतो. ‘मंगळवार: नाडी ५६, झोप पावणेसात तास, ८ किमी सहज. बुधवार: नाडी ६१, झोप सव्वापाच, घरी पाहुणे, जेवण अकराला. गुरुवार: नाडी ६६, झोप पाच, घसा कोरडा, जिन्यावर पोटऱ्या जड.’ एवढे स्वतःच्या हाताने लिहूनही मी गुरुवारी ८०० मीटरच्या सहा फेऱ्या मारायला मैदानावर गेलो. शनिवारी १०१ ताप होता आणि पुढचे अकरा दिवस वहीत नाडीखेरीज काही नाही. फेऱ्यांमुळेच ताप आला असे मी म्हणणार नाही, विषाणू बहुधा आधीच शरीरात होता. पण वहीने दोन दिवस आधी जे सांगितले ते ऐकले असते तर आजार हलका गेला असता असे मला आजही वाटते.

चौथी पायरी: झोप

झोपेला पर्याय नाही. २०१५ च्या एका प्रयोगात १६४ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडले, त्यापूर्वी आठवडाभर त्यांची झोप यंत्राने मोजली होती. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या चौपटीहून जास्त निघाली. पहाटे साडेचारला उठायचे असेल तर रात्री साडेनऊला दिवे मालवले पाहिजेत, आणि ते ज्या रात्री जमणार नसेल त्या पहाटेचे पळणे संध्याकाळवर किंवा दुसऱ्या दिवसावर ढकलावे. विसर्जनाच्या रात्री जागून सकाळी २५ किलोमीटर पळण्यात कोणताही पराक्रम नाही.

पाचवी पायरी: पोटात काय हवे

रिकाम्या पोटी दीर्घकाळ पळताना रक्तातली साखर उतरते, कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक जास्त वाढते आणि त्याबरोबर पांढऱ्या पेशींतली उलथापालथही वाढते. पळताना कर्बोदके घेतल्यास ती सौम्य राहते हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. म्हणून दीड तासापेक्षा जास्त पळायचे असेल त्या दिवशी दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. खजूर, राजगिऱ्याचा लाडू, साखर-मीठ घातलेले लिंबू सरबत, सगळे चालते, फक्त शर्यतीच्या दिवशी काही नवे करू नये.

पळून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात काहीतरी खावे आणि दीड-दोन तासांत पूर्ण जेवावे. मुगाची खिचडी, दही, उसळ, अंडी, भाकरी, मासे, घरात जे शिजते त्यात सगळे मिळते, फक्त ताटात डाळ-उसळीचा वाटा वाढवावा लागतो. श्रावणात आणि नवरात्रात उपवास करणाऱ्यांनी लाँग रन उपवासाच्या दिवशी ठेवू नये. नऊ दिवसांचा उपवास असेल तर तोच उताराचा आठवडा करावा, व्रत आणि सराव दोन्ही नीट होतात.

वजन उतरवणे आणि मॅरेथॉनचा सराव ही दोन कामे एकदम हाती घेणाऱ्यांबद्दल मला खरी काळजी वाटते. खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने खाणे सतत कमी पडले की शरीर आधी प्रजनन, हाडे आणि प्रतिकार या खात्यांत काटकसर करते. स्त्रियांची पाळी पुढे जाणे किंवा थांबणे ही त्याची स्पष्ट खूण आहे. ‘पळण्यामुळे होते तसे’ म्हणून ती सोडून देऊ नये, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. क जीवनसत्त्वाने सर्वसामान्य माणसाची सर्दी टळत नाही. मॅरेथॉन धावपटू, बर्फावर घसरत जाणारे खेळाडू आणि थंडीत कवायत करणारे सैनिक अशा ५९८ जणांवरच्या पाच प्रयोगांत मात्र सर्दीचे प्रमाण निम्म्यावर आले होते. शर्यतीच्या आधीचे दोन-तीन आठवडे रोज आवळा, पेरू, संत्रे खावे. महिनोन्‌महिने मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेऊ नयेत, त्यांनी सरावातून स्नायूंत होणारे बदल मंदावू शकतात. ड जीवनसत्त्व रक्ततपासणीत कमी निघाले तरच, डॉक्टर सांगतील तेवढे घ्यावे. ‘इम्युनिटी बूस्टर’ नावाखाली विकल्या जाणाऱ्या पुड्यांवर खर्च करण्याऐवजी बुटांची दुसरी जोडी घ्यावी, पावसाळ्यात ती फार उपयोगी पडते.

सहावी पायरी: पावसाळा

इथे परदेशी पुस्तके आपल्या कामाची नाहीत. डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो, आणि त्याचा जोर सकाळच्या पहिल्या तासांत व सूर्यास्तापूर्वी असतो, म्हणजे आपल्या पळण्याच्याच वेळांना. उद्यानात ताणाचे व्यायाम करत उभे राहिल्यावर तो सर्वांत जास्त चावतो. पळण्यापूर्वी उघड्या अंगाला डासरोधक मलम लावावे आणि ताणाचे व्यायाम घरी येऊन पंख्याखाली करावेत.

लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात येतात आणि पायावरच्या खरचटलेल्या जागेतून, फुटलेल्या फोडातून शरीरात शिरतात. पायाला जखम असताना रस्त्यावरच्या पाण्यातून पळू नये. तसे पळणे घडलेच तर घरी येताच पाय साबणाने धुवावेत आणि प्रतिबंधक औषध लागेल का हे डॉक्टरांना विचारावे. या आजाराची लक्षणे साधारण पाच ते चौदा दिवसांत दिसतात, आणि त्यात पोटऱ्या विलक्षण दुखतात. धावपटूसाठी हा मोठा धोका आहे, कारण पोटऱ्या दुखल्या की त्याला आधी लाँग रन आठवतो. ताप, डोळे लाल आणि पोटऱ्यांत ठणका हे तिन्ही एकत्र दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि साचलेल्या पाण्यातून पळाल्याचे आवर्जून सांगावे.

भिजलेले कपडे तसेच ठेवून नाश्त्याला बसण्याची आमच्या गटात पूर्वी रीत होती. त्याने सर्दी होते असे नव्हे, पण जांघेत आणि काखेत गजकर्ण होते आणि ते महिनोन्‌महिने हटत नाही. पाण्याची बाटली ज्याची त्याने वापरावी. एका बाटलीला पाच जणांनी तोंड लावण्याइतकी सोपी वाट विषाणूला दुसरी नाही.

दिवाळीनंतर हवेची गुणवत्ता सकाळी बघूनच बाहेर पडावे. निर्देशांक २०० च्या वर असेल तर जोरकस सराव घरात, ट्रेडमिलवर किंवा जिन्यावर करावा. दमा असणाऱ्यांनी ही मर्यादा त्याहून खाली धरावी.

सातवी पायरी: आजारी वाटत असताना पळावे का

नियम साधा आहे. लक्षणे मानेच्या वर असतील, म्हणजे नाक वाहते आहे, शिंका येत आहेत, घसा किंचित खवखवतो आहे आणि ताप नाही, तर दहा मिनिटे सावकाश पळून पाहावे. बरे वाटले तर अर्धा तास पुढे जावे, जड वाटले तर घरी परतावे. अशा वेळी गटाबरोबर पळू नये, आपली सर्दी इतरांना देऊ नये.

ताप, कणकण, अंगदुखी, छातीतला खोकला, उलट्या किंवा जुलाब यांपैकी एक जरी असेल तरी पळणे पूर्ण बंद. यात सवलत नाही. पॅरासिटामॉल घेऊन ताप उतरवून पळणे हा मला माहीत असलेला सर्वांत धोकादायक प्रकार आहे. १९४० च्या दशकात पोलिओच्या साथींत ब्रिटिश डॉक्टर रिची रसेल यांनी नोंदवले होते की आजाराची सुरुवात झाल्यावरही ज्यांनी अंगमेहनत चालू ठेवली त्यांना पक्षाघात अधिक तीव्र झाला. पुढे कॉक्सॅकी विषाणूची बाधा केलेल्या उंदरांना पोहायला लावले तेव्हा त्यांच्या हृदयातला विषाणू कित्येक पट वाढला. माणसातही विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि त्या अवस्थेतले श्रम जिवावर बेतू शकतात. तापानंतर छातीत दुखणे, धडधड, नेहमीपेक्षा जास्त दम लागणे किंवा घेरी येणे यांपैकी काहीही जाणवले तर हृदयरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय बूट घालू नयेत. सूज असल्याचे निदान झाले तर तीन ते सहा महिने जोरकस श्रम बंद ठेवावे लागतात.

पावसाळ्यातल्या तापात निदान होईपर्यंत आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन या गोळ्या घेऊ नयेत. धावपटूंच्या पिशवीत त्या हमखास असतात, पण ताप डेंग्यूचा निघाला तर त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यूत ताप उतरताना धोका टळलेला नसतो, उलट तेच दिवस जपण्याचे असतात. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, कमालीची मरगळ यांपैकी काही दिसले तर रुग्णालय गाठावे.

आठवी पायरी: परत कसे यावे

औषधाशिवाय ताप नसल्याला किमान दोन पूर्ण दिवस झाले, भूक परत आली आणि सकाळची नाडी नेहमीच्या जवळ आली की वीस-तीस मिनिटे चालावे. दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ सावकाश पळावे. तापाच्या प्रत्येक दिवसामागे दोन ते तीन दिवस हलके पळायचे, मगच वेगाचा सराव, असा हिशेब मी सगळ्यांना सांगतो. डेंग्यूनंतर प्लेटलेट पूर्ववत होऊन डॉक्टर परवानगी देईपर्यंत पळू नये, आणि थकवा कित्येक आठवडे राहू शकतो हे गृहीत धरावे. बुडालेले किलोमीटर भरून काढायचे नाहीत, वेळापत्रकात आजचा जो आठवडा आहे त्याच्या आधीच्या आठवड्यापासून सुरुवात करावी. डिसेंबरमध्ये तीन आठवडे गेले असतील तर अर्धमॅरेथॉनचा विचार करावा किंवा पुढच्या वर्षी यावे.

नववी पायरी: शर्यतीचे आठवडे आणि त्यानंतर

शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत अंतर टप्प्याटप्प्याने निम्म्यावर आणावे, वेग थोडाफार राहू द्यावा. बिब (छातीवर लावायचा शर्यतीचा क्रमांक) घ्यायला गर्दीत जाताना मास्क लावावा, परतल्यावर हात धुवावेत, आणि त्या आठवड्यात लग्नाच्या पंगती शक्यतो टाळाव्यात.

शर्यत संपल्यावर सुका सदरा, खाणे, पाणी आणि त्या रात्री लवकर झोप. पुढचे तीन-चार दिवस फक्त चालणे, आणि दोन आठवडे घड्याळ न लावता पळणे. घसा दुखला आणि ताप नसला तर कोमट पाणी, गुळण्या आणि विश्रांती पुरते. प्रतिजैविकांची गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

कार्यालयाची वार्षिक आरोग्य तपासणी जानेवारीच्या शेवटी असेल तर ती किमान दोन आठवडे पुढे ढकलावी. मॅरेथॉननंतर पांढऱ्या पेशींचा आकडा एखाद्या मोठ्या संसर्गात असावा इतका वर दिसू शकतो. बोस्टन मॅरेथॉनमध्ये पळालेल्या चौघांच्या रक्तात ही वाढ मोजून लॅराबी नावाच्या अमेरिकी डॉक्टरने ती १९०२ मध्येच लिहून ठेवली होती. दिवसभरात तो आकडा उतरू लागतो, पण स्नायूंतून रक्तात येणारे सीके (क्रिएटिन कायनेज) हे विकर आणि यकृताच्या तपासणीत मोजले जाणारे एसजीओटी त्यानंतरही काही दिवस वाढलेले राहतात. तपासणी टाळता येत नसेल तर नमुना देतानाच, कोणत्या तारखेला किती किलोमीटर पळालो हे अर्जावर लिहून द्यावे.